प्रभुभोजनाच्या पेल्यासाठी तासगावचा काळा बेदाणा

सांगली जिल्ह्यात राहून बेदाण्याचे परीक्षण लिहिणे म्हणजे कोल्हापूरकरांना गुळाची ओळख करून देण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. शिऱ्यात कोणता बेदाणा घालावा, लाडवात कोणता आणि बाळंतिणीला भिजवून कोणता द्यावा, हे इथे घराघरांत ठाऊक असते. हे परीक्षण मात्र एका वेगळ्या आणि अगदी मर्यादित कामापुरते आहे. ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या समुदायाच्या, प्रभुभोजनात (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीत) भाकरीनंतर जो पेला दिला जातो, त्यातला द्राक्षारस घरी तयार करायचा असेल, तर तासगाव-सांगली पट्ट्यात सुटा मिळणारा काळा बेदाणा त्या कामाला कितपत उतरतो, एवढाच प्रश्न मी इथे घेतला आहे. मिरजेतील आमच्या मंडळीत हा रस करण्याचे काम महिला मंडळाकडे असते आणि त्यातला बराचसा भार माझ्याकडे येतो, त्यामुळे खाली जे लिहिले आहे ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून लिहिले आहे, धर्मशास्त्राच्या वर्गातून नव्हे.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवे. वाइनची बाटली आणून वेदीवर ठेवणे सर्वांत सोपे, आणि काही मंडळ्या तसे करतातही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 यामध्ये धार्मिक विधीत वाइन वापरण्यासाठी परवानगीची तरतूद आहे, त्यामुळे कायद्याची म्हणून अडचण नाही. अडचण माणसांची आहे. दारू सोडून नव्याने उभे राहिलेले काही जण आमच्या बाकांवर बसतात, आणि पेला त्यांच्यापर्यंत आल्यावर त्यांनी तो केवळ वासामुळे पुढे सरकवावा, ही गोष्ट आमच्या पाळकसाहेबांना कधीच पटली नाही. हीच काळजी 1869 मध्ये अमेरिकेत व्हाइनलँड इथल्या थॉमस ब्रॅमवेल वेल्च या दंतवैद्याला होती. ते मेथडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाची व्यवस्था पाहत असत. लुई पाश्चर यांनी वाइनसाठी वापरलेली उष्णता देण्याची रीत त्यांनी ताज्या द्राक्षांच्या रसाला लावली, आणि न आंबणारा द्राक्षारस बाटलीत टिकवून दाखवला. ही चाल पुढे जगभरच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रुळली. ताजी काळी द्राक्षे वर्षातून थोडेच महिने मिळतात आणि प्रभुभोजन मात्र वर्षभर असते, म्हणून आमच्याकडे बेदाणा आला.

कॅथलिक बंधुभगिनींनी इथेच थांबले तरी चालेल, कारण त्यांच्यासाठी हा रस उपयोगाचा नाही. 1983 च्या त्यांच्या धर्मसंहितेच्या 924 व्या कलमानुसार मिस्साबलीसाठीची, म्हणजे त्यांच्याकडच्या याच विधीसाठीची, वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली असावी लागते. आजारपणामुळे किंवा व्यसनमुक्तीमुळे वाइन घेऊ न शकणाऱ्या धर्मगुरूंना विशेष परवानगीने द्राक्षांचा मुस्तुम नावाचा रस वापरता येतो, पण उकळलेले बेदाण्याचे पाणी त्यात बसत नाही. बेदाणा भिजवून, पिळून आणि आंबवून विधीची वाइन करण्याची परंपरा मात्र जुनी आहे. केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांत ती होती, इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीतही होती. आणि आपल्या अगदी शेजारी, कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या) किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावरच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुकांचे शरबत पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. ते आंबवलेले नसते. म्हणजे आमच्या रसाचा सर्वांत जवळचा नातलग अलिबागकडच्या एखाद्या यहुदी घरात भेटतो, हे मला फार आवडते.

मद्याच्या जागी दुसरे काही ठेवताना धर्म किती काटेकोर असतात, हे पाहिले म्हणजे आमच्या या कामाकडेही थोड्या कडक नजरेने पाहावेसे वाटते. उज्जैनच्या काळभैरवाला आजही बशीतून मद्यच पाजले जाते आणि आमच्याकडच्या गावांतून म्हसोबाला कोंबड्याबरोबर दारूची धार सोडणारे लोक आहेत. तिथे पर्यायाचा प्रश्नच येत नाही. पण जिथे पर्याय आला, तिथे तो नियमाने आला. शाक्त, म्हणजे देवीउपासकांच्या, पूजेत मद्याऐवजी नारळाचे पाणी चालते, पण ते काशाच्या भांड्यात असावे लागते; मध चालतो, पण तो तांब्याच्या भांड्यात. सौत्रामणी या वैदिक यागात सुरेचे पेले भरले जात, तेही पुढे धर्मशास्त्राने कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या कर्मांच्या, यादीत टाकले आणि याज्ञिकांनी दुधावर भागवले. सांगायचे इतकेच की पर्याय म्हणजे हाताला लागेल ते लाल पाणी नव्हे. आमच्यापुरते पाहायचे, तर पेल्यातला रस निव्वळ द्राक्षवेलीचा असावा, त्यात मादकता नसावी, आणि तोंडात घेतल्यावर तो औषधासारखा किंवा सरबतासारखा न लागता द्राक्षाचा लागावा. याच निकषांवर मी बेदाणा पाहिला.

बाजारात ज्या गुणांसाठी बेदाण्याला भाव मिळतो, नेमके तेच गुण या कामात आड येतात. आपल्याकडे द्राक्षाचा घड वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट, म्हणजे बागायतदारांच्या बोलीत डिपिंग ऑइल, यांच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर सुटतो, आतले पाणी लवकर बाहेर पडते आणि शेडमधल्या जाळ्यांवर साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो. इथपर्यंत काही बिघडत नाही, कारण धुतल्यावर त्याचा त्रास राहत नाही. पण हिरवा आणि पिवळा रंग टिकावा म्हणून त्या मालाला गंधकाची धुरी देतात, आणि विक्रीच्या वेळी दाणे चिकटू नयेत व चमकावेत म्हणून पुष्कळदा तेलाचा हात फिरवतात. तासगावच्या सौद्यात वरचा भाव खाणारा लांबट, हिरवागार बेदाणा कोमट पाण्यात टाकून झाकण ठेवा आणि थोड्या वेळाने झाकण उघडून वास घ्या: नुकतीच काडी ओढून विझवल्यासारखा वास नाकात जातो, आणि पाण्यावर तेलाचा तवंग इंद्रधनुष्यासारखा पसरलेला दिसतो. शिऱ्यात हे कळत नाही, कारण तिथे तूप, वेलची आणि साखर सगळे झाकून घेतात. पेल्यात झाकायला काही नसते. हिरव्या बेदाण्याचा रस मी करून पाहिला आहे. तो फिकट, जिभेवर किंचित चरचरणारा आणि अगदीच बेचव निघतो. या कामासाठी त्याला मी बाद ठरवते, मग तो कितीही महाग असो.

काळ्या बेदाण्याला रंग टिकवण्यासाठी गंधकाची गरज नसते, आणि तो निवडण्याचे पहिले कारण हेच आहे. परंतु 'काळा बेदाणा' या एकाच नावाखाली इथे दोन निराळे माल विकले जातात आणि नवखा माणूस हमखास फसतो. एक असतो शरद सीडलेससारख्या मुळातच काळ्या जातीच्या द्राक्षांचा. दुसरा असतो थॉमसन किंवा तास-ए-गणेश अशा हिरव्या द्राक्षांचाच, पण वाळताना ढगाळ हवा आली, पाऊस लागला किंवा माल शेडमध्ये जास्त राहिला म्हणून काळपट पडलेला. सौद्याच्या बातम्यांत काळ्या बेदाण्याचा भाव हिरव्याच्या निम्म्याहूनही खाली दिसतो तो बहुतेक या दुसऱ्या मालाचा. त्याचा रस मातकट लागतो, कधी कधी त्याला बुरशीची झाकही असते.

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या ज्या दुकानातून मी सध्या माल घेते, तिथल्या मालकांनी हा फरक आपण होऊन सांगितला म्हणूनच मी त्यांची गिऱ्हाईक झाले. समोरच्या पोत्याकडे मी बोट दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "त्यो नको मावशी. त्यो पावसात गावलेला माल हाय, कारखान्याला जातो. तुमास्नी काळ्या द्राक्षाचा पायजे, तर त्यो आत हाय, दोन पैसं जास्त पडतील." आतून आणलेला बेदाणा त्यांनी पांढऱ्या कागदावर पसरून दाखवला. खऱ्या काळ्या द्राक्षाचा दाणा उजेडात धरला की कडेला जांभळट दिसतो आणि बोटांनी फाडला की आतला गर तांबूस असतो. काळपट पडलेल्या हिरव्या द्राक्षाचा गर आतून तपकिरी, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा असतो. आता कुठल्याही दुकानात मी आधी एक दाणा फाडून पाहते. ज्या दुकानदाराला हे आवडत नाही, त्याच्याकडून घेत नाही. बाजारात एका ठिकाणी मला हाच पावसाळी माल 'प्रीमियम ब्लॅक' असे छापलेल्या पाकिटात दुप्पट दराने मिळाला होता, त्यामुळे पाकिटापेक्षा सुटा माल बरा या मतावर मी आले आहे.

रस करण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात एक हिशेब आहे. चार किलो द्राक्षे वाळली की साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी उडून गेलेले असते. तेवढेच पाणी परत दिले, एका किलोला तीन लिटर, तर रसाची गोडी ताज्या द्राक्षाच्या जवळ येते आणि वरून साखर घालावी लागत नाही. काही जणी दाट रस चांगला म्हणून पाणी निम्मे घेतात. तो रस पाकासारखा होतो आणि पेल्याच्या तळाला चिकटून बसतो. बेदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, पहिले पाणी कोमट घ्यायचे म्हणजे तेल असल्यास सुटते, आणि मग उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी दाणे टपोरे फुगतात आणि पाण्याला रंग चढतो. हाताने कुस्करून पातळ मलमलीतून गाळायचे. मिक्सर फिरवू नये, कारण साल बारीक झाली की रस गढूळ होतो आणि तुरटपणा वाढतो. गाळलेला रस मंद आचेवर ठेवून चांगला वाफाळेपर्यंत तापवायचा, पाच-सात मिनिटे त्याच आचेवर राहू द्यायचा, वर येणारा फेस काढायचा आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरायचा.

भिजवण्याच्या वेळेबाबत मात्र हयगय चालत नाही. गंधकाचा बेदाणा आंबायला वेळ लावतो. बिनगंधकाचा काळा बेदाणा तितका दम धरत नाही. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट मुळातच असते, ते वाळल्यावरही पुरते मरत नाही, आणि एप्रिलमधल्या सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात भिजवलेले पातेले ओट्यावर दीड दिवस विसरले, तर कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि झाकण उघडताच ताडीसारखा आंबूस वास येतो. असा रस वापरायचा नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, त्यांच्या पेल्यात तोच पदार्थ जायचा. शिवाय घरी विनापरवाना मद्य तयार करणे हा कायद्याने गुन्हा आहे, तो निराळाच. उन्हाळ्यात मी पातेले फ्रिजमध्ये ठेवते आणि शनिवारी रात्री भिजवलेला बेदाणा रविवारी पहाटे गाळून तापवते. तापवलेला रस फ्रिजमध्ये चार-पाच दिवस नीट राहतो. त्यापुढे मी त्याच्यावर विसंबत नाही. आठवडाभराची सोय हवी असेल त्यांच्यासाठी ही मोठी उणीव आहे, आणि लहान मंडळ्यांना दर महिन्याला एवढे करणे जड जाते हेही खरे.

चवीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: शरद जातीच्या चांगल्या काळ्या बेदाण्याचा रस बाजारातल्या कुठल्याही बाटलीबंद द्राक्षरसापेक्षा पेल्याला अधिक शोभतो. बाटलीबंद रसांच्या लेबलवर घटकांची यादी वाचली, तर कित्येकांत साखर, सायट्रिक आम्ल, कृत्रिम स्वाद, कधी कधी सफरचंदाचा रससुद्धा आढळतो, आणि निव्वळ द्राक्षवेलीचा हा पहिलाच निकष तिथे मोडतो. बेदाण्याच्या रसात गोडी खोल असते आणि गिळल्यावर घशाशी सालीचा हलका तुरटपणा राहतो. एक गोष्ट मात्र कमी पडते, ती म्हणजे आंबटपणा. ताज्या द्राक्षातली धार वाळवण्यात बोथट होते, त्यामुळे रस किंचित सपाट लागतो. याला उपाय एकच, आणि तोही हंगामापुरता: फेब्रुवारी-मार्चमध्ये एक-दोन घड काळ्या द्राक्षांचा ताजा रस गाळण्यापूर्वी त्यात मिसळायचा. लिंबू पिळण्याची सूचना मला पुष्कळदा मिळाली आहे; ती मी मानत नाही.

रंगाची तक्रार त्याहून मोठी आहे. ज्यांनी चित्रांतला लालभडक पेला मनात धरलेला असतो, त्यांची इथे निराशा होते. हा रस तांबूस-तपकिरी होतो, उजेडात धरला तर लाल, सावलीत जवळजवळ कोऱ्या चहासारखा. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ भगिनी तो लाल दिसावा म्हणून त्यात कोकम भिजवत असत, आणि दुसऱ्या एका मंडळीत बीट घालतात असे मी पाहिले आहे. दिसायला ते सुरेख होते, यात शंका नाही. पण कोकम हे कोकणातल्या झाडाचे फळ आहे आणि बीट हा कंद आहे. ज्या पेल्याच्या वेळी बायबलमधले द्राक्षवेलीच्या उपजाचे शब्द वाचले जातात, त्यात त्यांचे काय काम? या मुद्द्यावर महिला मंडळात बरीच चर्चा झाली आणि शेवटी पाळकसाहेबांनी रंग आहे तसाच राहू द्यावा असे सांगितले. काचेच्या लहान पेल्यांऐवजी आम्ही आता स्टीलचे वापरतो, त्यात रंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

बियांच्या मोठ्या काळ्या मनुकांचाही विचार करायला हरकत नाही. त्यांचा रस रंगाने अधिक गडद आणि चवीने अधिक भरदार होतो, आणि बेने इस्राएल शरबताची आठवण ज्यांना हवी त्यांनी त्याच घ्याव्यात. पण कुस्करताना बिया चिरडल्या की रस कडवट होतो, प्रत्येक बी हाताने काढणे मोठ्या मंडळीसाठी शक्य नसते, आणि चांगल्या मनुका बाहेरून येत असल्याने भावही चढा असतो. घरगुती प्रार्थनेसाठी दहा-बारा जणांचा रस करायचा असेल तर मनुका, शंभराच्या पुढे लोक असतील तर काळा बेदाणा, असे मी सुचवेन. एका किलोच्या रसात लहान पेले दीडशे माणसांना सहज पुरतात, काही उरतोही. उरलेला रस आमच्याकडे त्याच दिवशी संपवण्याची पद्धत आहे. तो मोरीत ओतला जात नाही.

खरेदीचा काळ महत्त्वाचा आहे. नवा बेदाणा मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणजे उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानदिन (ईस्टर) यांच्या सुमाराला सर्वांत ताजा माल मिळतो, आणि त्या वेळच्या रसाला वर्षातला सर्वांत चांगला वास असतो. नाताळच्या वेळी जो मिळतो तो गेल्या हंगामाचा, शीतगृहातून काढलेला. तो खराब नसतो, पण दाण्यावर साखरेची पांढरी कणी आलेली असते आणि भिजायला तो अधिक वेळ घेतो. त्याला रात्रभराऐवजी संध्याकाळपासूनच पाण्यात टाकावे. मी वर्षाचा लागेल तेवढा बेदाणा एप्रिलमध्ये घेऊन हवाबंद डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. दुकानदाराकडे मागताना नुसते 'काळा बेदाणा द्या' म्हणू नये. काळ्या द्राक्षाचा, बिनतेलाचा, यंदाचा, असे तीनही शब्द सांगावेत, आणि पोत्यातून एक दाणा फाडून पाहिल्याशिवाय वजनाला लावू देऊ नये. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर चवीला चार, रंगाला दोन, टिकण्याला दोन आणि भावाला पाच. आणि सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीने बाटलीबंद रसावर पैसे घालण्याआधी हा एकदा करून पाहावा.